पियानो, संगणक आणि मधली तार



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी किंवा कंत्राटी पद्धती यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी डिजिटल पियानो संगणकाला कसा जोडावयाचा, या विषयावर बोलणार आहे. विषय वरवर पाहता माझ्या धंद्याबाहेरचा आहे. तथापि तो घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, हे वाद्य आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरते राहिलेले नाही. आपल्या जालन्यात सळईच्या कारखान्यात पाळी करणारा माणूसही मुलीच्या हौसेखातर, जुना का होईना, डिजिटल पियानो हप्त्याने घेतो. घरात संगणक असतो. मात्र या दोहोंच्या मध्ये काय घालावयाचे हे त्याला कोणी सांगत नाही. आणि दुकानात जे सांगितले जाते ते पुष्कळदा विकण्याच्या दृष्टीने सांगितलेले असते. दुसरे कारण असे की, या मधल्या तारेने गेल्या चाळीस वर्षांत कित्येक वादकांच्या रोजीवर परिणाम केला आहे. ती तार नेमके काय वाहून नेते हे कळले, म्हणजे ती जोडावी कशी हे कळते आणि तिच्यामुळे कोणाचे काय गेले हेही कळते. म्हणून प्रथम तेच पाहू.

बहुतेकांची समजूत अशी असते की, पियानोचा आवाज तारेतून संगणकात जातो. तसे होत नाही. आपल्यापैकी जे रोलिंग मिलमध्ये काम करतात त्यांना हे लवकर पटेल. केबिनमधला ऑपरेटर बटन दाबतो आणि शंभर फुटांवरची मोटर सुरू होते. बटनापासून पॅनेलपर्यंत जाणारी तार बारीक असते. मोटरला वीज पुरवणारी केबल मनगटाएवढी असते. मोटरची ताकद बटनाच्या तारेतून जाते असे कोणी मानत नाही. त्या बारीक तारेतून फक्त हुकूम जातो : चालू हो, बंद हो. पियानो आणि संगणक यांच्यामधली तार ही अशीच हुकुमाची तार आहे. तिच्यातून सूर जात नाही.

या हुकुमांच्या भाषेला ‘मिडी’ म्हणतात. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या नावाची ही आद्याक्षरे. आपल्या शहरात एमआयडीसी हा शब्द सर्वांच्या तोंडी बसलेला असल्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, या दोहोंचा काही संबंध नाही. मिडीचा एक हुकूम साधारणतः तीन आकड्यांचा असतो. उदाहरणार्थ १४४, ६०, १००. पहिला आकडा म्हणतो, ‘पहिल्या वाहिनीवर सूर सुरू कर.’ दुसरा आकडा पट्टी सांगतो. पियानोच्या मधल्या सप्तकाच्या पांढरी एकला ६० हा क्रमांक दिलेला आहे. पियानोच्या ८८ पट्ट्यांना २१ पासून १०८ पर्यंत क्रमांक आहेत. तिसरा आकडा सांगतो की पट्टी किती वेगाने दाबली. हा १ ते १२७ यांच्या दरम्यान असतो. बोट उचलले की असाच दुसरा हुकूम जातो : ‘तो सूर थांबव.’ एकंदर सोळा वाहिन्या असतात, म्हणजे एकाच तारेवरून सोळा निरनिराळ्या वाद्यांना वेगवेगळे हुकूम देता येतात.

यातला वेगाचा आकडा पेटीवाल्याने विशेष समजून घेण्यासारखा आहे. आपल्या पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात दाबा, आवाज तेवढाच. आवाजाचे लहानमोठेपण भात्याकडे असते. डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीखाली थोड्या अंतराने निदान दोन संपर्क बसवलेले असतात. पट्टी खाली जाताना पहिला आणि दुसरा यांच्या मध्ये किती वेळ गेला, यावरून यंत्र वेग ठरवते. वेळ थोडा गेला तर आवाज मोठा, जास्त गेला तर लहान. म्हणून भजनी मंडळात वर्षानुवर्षे पेटी वाजवलेला माणूस या वाद्यावर बसला की सूर कमीजास्त आवाजाचे निघतात. त्याला वाद्यात बिघाड वाटतो. वस्तुतः त्याचा डावा हात भाता शोधत असतो. त्याची सोयही मिडीत आहे. ‘अभिव्यक्ती’साठी ११ क्रमांकाचा एक नियंत्रण-हुकूम ठेवलेला आहे. तो हुकूम पाठवणारे पायाचे पॅडल ज्या वाद्याला लावता येते, त्यावर भात्याचे काम पायाने करता येते.

आता थोडा हिशेब करू. चार मिनिटांच्या एका गाण्यात दोन हजार सूर वाजवले असे धरा. सुरू करण्याचे तीन आणि थांबवण्याचे तीन, असे प्रत्येक सुराला सहा आकडे. म्हणजे बारा हजार आकडे. संगणकाच्या भाषेत बारा हजार बाइट. तेच गाणे आवाज म्हणून सीडीच्या दर्जाने नोंदवले, तर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. चार मिनिटांचे होतात चार कोटी तेवीस लाखांहून अधिक. साडेतीन हजार पट फरक! हा फरक हुकूम आणि काम यांच्यातला आहे. ‘भिंत बांध’ असे लिहिलेली चिठ्ठी खिशात मावते. भिंत मावत नाही.

हुकूम असल्यामुळेच तो नंतर बदलता येतो. एक सूर चुकला तर तेवढाच आकडा दुरुस्त करावयाचा. गाणे पुन्हा वाजवण्याची गरज नाही. पुरुषाच्या आवाजासाठी काळी एकमध्ये बसवलेले गाणे बाईंना काळी चारमध्ये हवे असेल, तर प्रत्येक पट्टीच्या क्रमांकात सात मिळवावयाचे. संगणक ते क्षणात करतो. लय वाढवली तर सूर चढत नाही. पियानोच्या जागी बासरी ऐकावयाची असेल तर हुकूम तेच ठेवून वाद्य बदलावयाचे.

ही भाषा कशी जन्मली हेही कामगारांनी ऐकण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची तार आणि भाषा वेगळी होती, जशी पुढे प्रत्येक मोबाइलची चार्जरची पिन वेगळी असे. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडता येत नसे. जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ साली अमेरिकेतील कारखानदारांपुढे एका सामाईक भाषेची कल्पना मांडली. काकेहाशी लहानपणीच पोरके झाले होते; तरुणपणी घड्याळे दुरुस्त करीत आणि काही वर्षे क्षयाने रुग्णालयात होते. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. अमेरिकेतील सीक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी त्या कल्पनेला आकार दिला. यामाहा, कोर्ग, कावाई या कंपन्याही तीत आल्या. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडली गेली आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यावर ऐकू आले. या भाषेबद्दल कोणाकडूनही शुल्क घ्यावयाचे नाही, असे ठरले. २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना याच कामाबद्दल ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे मालक एका सामाईक करारावर येऊ शकतात आणि तो करार चाळीस वर्षे टिकतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०२० साली या भाषेची दुसरी आवृत्ती आली, तरी पहिली आजही चालते.

आता प्रत्यक्ष जोडणी. वाद्याची मागची बाजू पाहा. तेथे बहुधा एक चौकोनी, वरचे कोपरे कापलेले यूएसबीचे भोक असते. त्यावर ‘टू होस्ट’ असे लिहिलेले असते. संगणकाला जोडावयाचे ते हेच. त्याला लागणारी केबल ही प्रिंटरला लागते तीच असते. दुकानात ‘संगीताची केबल’ मागू नका, प्रिंटरची केबल मागा. नाव बदलले की किंमत बदलते. शेजारी चपटे भोक असले आणि त्यावर ‘टू डिव्हाइस’ लिहिलेले असले, तर ते पेन ड्राइव्हसाठी आहे. त्यातून संगणक जोडला जात नाही.

जुन्या वाद्यांना यूएसबी नसते. त्यांना पाच छिद्रांची दोन गोल भोके असतात, एकावर ‘इन’ आणि दुसऱ्यावर ‘आउट’. अशा वाद्यासाठी मध्ये एक लहान डबी घ्यावी लागते. तिचे एक टोक संगणकाच्या यूएसबीत जाते आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना असतात. नियम एकच : एकाचा आउट दुसऱ्याच्या इनमध्ये. बोलणाऱ्याचे तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी असावे, एवढाच त्याचा अर्थ. स्वस्त डब्यांच्या पिनांवर लिहिलेले कधी नेमके उलटे समजले जाते. काहीच हालचाल दिसली नाही तर पिना अदलाबदल करून पाहा. त्याने वाद्य बिघडत नाही. कारण ‘इन’च्या आत वीज थेट शिरत नाही. तेथे एक बारीक दिवा लागतो-विझतो आणि समोरचा प्रकाशग्राहक तो पाहून हुकूम ओळखतो. कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलमध्येही असेच ऑप्टोकपलर असतात. या जुन्या तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे. एका हुकुमाला तीस बिट लागतात, म्हणून तो पोहोचण्यास सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो.

तार जोडल्यावर संगणकात हुकूम ऐकणारा कार्यक्रम हवा. नोटेशन लिहिण्यासाठी मूझस्कोर आणि अनेक वाद्यांची रचना करण्यासाठी एलएमएमएस हे दोन्ही विनामूल्य मिळतात. आरंभ करणाऱ्याने पैसे देऊन काही घेऊ नये. कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये ‘मिडी इनपुट’ या ठिकाणी आपल्या पियानोचे नाव निवडावे. अलीकडच्या बहुतेक वाद्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लागलाच तर तो कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट घ्यावा.

येथून पुढे तीन अडचणी हमखास येतात, आणि ‘सूर नव्हे, हुकूम’ हे सूत्र ध्यानात असले तर तिन्ही सुटतात.

पहिली : तार जोडली, पडद्यावर खुणा हलतात, पण संगणकातून आवाज नाही. हुकूम आला, पण तो पाळणारा कोणी नेमलेला नाही. कार्यक्रमात त्या पट्ट्याला एखादे वाद्य नेमून द्या. तुम्हाला तुमच्या पियानोचा स्वतःचाच आवाज नोंदवावयाचा असेल, तर मिडीच्या तारेने तो होणार नाही. त्यासाठी वाद्याच्या हेडफोन किंवा लाइन आउटमधून आवाजाची निराळी तार न्यावी लागते.

दुसरी : प्रत्येक सूर दोनदा वाजतो. पट्टी दाबली की पियानो स्वतः वाजतो. हुकूम संगणकात जाऊन परत पियानोकडे येतो आणि तो पुन्हा वाजतो. एकाच कामगाराला दोन मुकादमांनी एकच काम सांगावे तसे हे झाले. वाद्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करावे, किंवा कार्यक्रमातून हुकूम परत पाठवणे थांबवावे. मात्र लोकल बंद असताना तार काढली तर पियानो मुका होतो. तो नादुरुस्त झाला असे समजून दुरुस्तीला नेऊ नये.

तिसरी : पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. हा उशीर तारेचा नसतो. संगणक आवाज तयार करून एका घागरीत भरतो आणि घागर भरली की ओततो. घागर मोठी तर खेपा कमी, पण वाट जास्त पाहावी लागते. या घागरीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने १,०२४ नमुन्यांची घागर भरण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ ची असेल तर सहाच्या आत. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून साडेतीन मीटरच्या आत-बाहेर जातो. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तबला ऐकण्याइतकाच तो उशीर. तेवढा चालतो, त्याहून जास्त बोटांना जाणवतो. विंडोजवर ‘एएसआयओ’ जातीचा ड्रायव्हर घ्यावा आणि बफर लहान करावा. फार लहान केला तर संगणक दमतो आणि आवाज तुटतो. मग एक पायरी वर यावे.

एवढे झाले म्हणजे यंत्र चालते. परंतु आपले संगीत त्यात बसते काय? हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. पट्ट्यांच्या वाद्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एका भागाचे पुन्हा शंभर सूक्ष्म भाग मानले, तर पियानोचा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे पावणेचौदा सूक्ष्म भाग चढा असतो. शिवाय पट्ट्यांवर मींड निघत नाही. या आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. ज्या पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी आयुष्य घालवले, तिला रेडिओच्या दारात मज्जाव होता. त्याच्याही आधी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे गणित मांडणारे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध केले, आणि ते व ई. क्लेमेंट्स हे ब्रिटिश अधिकारी यांच्या खटपटीतून श्रुतीची पेटी तयार झाली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे.

मिडीमध्ये यावर उपाय आहे, पण अर्धा. सूर वाकवण्याचा एक हुकूम असतो. त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत आणि मध्य ८,१९२ वर. पायऱ्यांचा विस्तार सामान्यतः दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वर ठेवलेला असतो. त्या हिशेबाने गंधार शुद्ध करावयाचा तर सुमारे ५६० पायऱ्या खाली यावे लागते. मींडही याच हुकुमाने घेता येते. अडचण अशी की, हा हुकूम सबंध वाहिनीला लागू होतो. डाव्या हाताने षड्ज धरला आणि उजव्या हाताने गंधार वाकवला, तर षड्जही वाकतो. पुढे २०१८ साली मंजूर झालेल्या एमपीई या पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र वाहिनी देऊन हा दोष काढला. तथापि त्यासाठी तशा जातीचे वाद्य लागते. साध्या डिजिटल पियानोच्या सेटिंगमध्ये ‘स्केल ट्यूनिंग’ असेल, तर निदान बारा पट्ट्या आपल्या रागाप्रमाणे लावून घ्याव्यात. तंबोरा जुळवल्याशिवाय गाणे सुरू न करणाऱ्यांनी येथेच आळस करू नये.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. हुकूम साठवता येतो, म्हणजे हुकूम पाळणारी माणसे कमी लागतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी एका गाण्यासाठी पन्नास, कधी शंभर वादक एकत्र बसत. सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संयोजक प्रत्येकाचा स्वर कागदावर लिहून देत. तो कागदही हुकूमच होता; पण तो पाळावयास व्हायोलिनवाला लागत असे, आणि त्याला पाळीचे पैसे मिळत. त्या पाळीच्या दरासाठी सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही वादकांची संघटना भांडत असे. १९९० नंतर तेच हुकूम संगणक पाळू लागला. वादकांचे ताफेच्या ताफे घरी बसले. आपल्याकडच्या वरातीतही हेच झाले. जेथे क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवाल्यांची रांग चालत असे, तेथे गाडीवर एक ‘कॅसिओ’वाला बसला.

याला उत्तर काय? १९८२ साली लंडनमध्ये ब्रिटिश वादक संघाच्या एका शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालण्याचा ठराव केला. यंत्रे थांबली नाहीत. उलट त्याच्या चाळीस वर्षे आधी, १ ऑगस्ट १९४२ पासून, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील वादक संघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो मोठ्या कंपन्यांशी १९४४ च्या नोव्हेंबरात मिटला. संघाने तबकडी मोडावयास सांगितली नव्हती. प्रत्येक तबकडीमागे वादकांच्या निधीला वाटा मागितला होता, आणि तो मिळाला. यंत्र अडवणारा ठराव कागदावर राहिला. यंत्राच्या उत्पन्नात वाटा मागणारा लढा पदरात काही टाकून गेला. गिरणीत काय आणि संगीतात काय, हा धडा सारखाच आहे.

आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क मान्य झाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराबद्दल त्यांना स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. पण हक्क मागणाऱ्याला आपण वाजवले हे दाखवता आले पाहिजे. आवाजावरून माणूस ओळखता येतो. हुकुमावरून येत नाही. १४४, ६०, १०० या आकड्यांवर कोणाच्या बोटाचा ठसा नसतो. म्हणून ज्या मुलामुलींनी आज तार जोडली आहे आणि उद्या कोणाच्या नाटकाला, मालिकेला किंवा वरातीच्या बँडला आपली रचना देणार आहेत, त्यांना माझे सांगणे आहे. १९८८ साली ठरलेल्या मिडी फाइलच्या नमुन्यात रचनेचे शीर्षक आणि हक्काची सूचना लिहिण्यासाठी जागा ठेवलेली आहे. बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. तुम्ही सोडू नका. तेथे आपले नाव आणि वर्ष लिहा, मूळ फाइलची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि पैसे किती व कशाबद्दल हे दोन ओळींत का होईना, पण देण्याघेण्याआधी कागदावर उतरवून घ्या. हजेरीपत्रकावर सही केल्याशिवाय पाळी लागत नाही, हे कारखान्यात आपण शिकलो. तेच येथेही लागू आहे.